भिंतीपलीकडची आरोळी

छावणीच्या संघानं चौथा गोल केला. मल्हारी कडुनिंबाच्या बुंध्याशी मटकन खाली बसला. मैदानावर छावणीचा संघ नाचत होता आणि चिकलठाण्याची अकरा पोरं कमरेवर हात ठेवून चिखलाकडं बघत होती. लागोपाठ आठ वर्षं जिंकलेली पोरं होती ती. आज मल्हारी आत आला आणि त्यांची माती झाली.

चूक त्याचीच होती. चिकलठाण्याच्या माळावर कारखान्यातली पोरं फुटबॉलच्या सरावाला यायची आणि त्या माळाचं गवत मल्हारीच्या मेंढ्या खायच्या, एवढाच काय तो संबंध. पण जीव जडायला तेवढा पुरला. दरवर्षी सतरा सप्टेंबरला आमखास मैदानावर लष्करी छावणीच्या संघाशी त्यांचा एकच सामना व्हायचा. दहा वर्षांपूर्वी मल्हारी तो पहिल्यांदा बघायला आला, तर संघ सात गोलांनी हरला आणि गोलकीपर बन्सीचा हात मोडला. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, मामा, तुमचा पायगुण. बोलणारा बोलून विसरला. मल्हारीनं मात्र ते मनाला लावून घेतलं.

पुढच्या वर्षी तो आत गेला नाही. मैदानाच्या मागच्या भिंतीपलीकडं उभा राहिला. जिंकलात तर भिंतीपाशी येऊन आरोळी द्या, असं त्यानं कप्तान पुंजारामला बजावून ठेवलं होतं. आरोळी आलीच नाही. मल्हारी तीन दिवस जेवला नाही. माझी नजर भिंतीतूनसुद्धा बाधते, आता शहराची वेस ओलांडायची नाही, असं म्हणून घोंगडी पांघरून पडून राहिला. पुंजाराम आणि बन्सी घरी येऊन हातापाया पडले, तेव्हा कुठं त्यानं भाकरी मोडली.

त्यानंतर मात्र संघाचं दैव उघडलं. दरवर्षी भिंतीआडून आरोळी यायची आणि थोड्या वेळानं चिखलानं माखलेली पोरं वळसा घालून मल्हारीपाशी यायची. तो बायकोनं, बानाबाईनं, बांधून दिलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू एकेकाच्या हातावर ठेवायचा आणि विचारायचा, "कितीनं जिंकलो रं, पुंजा?" पुंजाराम खाली बघूनच आकडा सांगायचा. बक्षिसाची ढाल कुठं आहे म्हणावं, तर ती नेहमी कारखान्याच्या साहेबाच्या कपाटात गेलेली असायची. एका वर्षी लाडू खाता खाता पुंजारामच्या डोळ्यांना धार लागली. जिंकलेल्या माणसाचा ऊर असा भरून येतो, असं मल्हारीनं त्या दिवशी बायकोला कौतुकानं सांगितलं होतं.

आणि हे सगळं आज त्यानं हावरेपणानं घालवलं. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. आठ वर्षं जिंकतायत, दिसतंय तोवर एकदा डोळ्यांनी बघून या की, असं बानाबाई म्हणाली आणि म्हातारा पाघळला. कुणी ओळखू नये म्हणून पागोटं काढून काखेत मारलं, लाडवांचं गाठोडं पोटाशी धरलं आणि भिंतीजवळच्या कडुनिंबाआड लपून राहिला. थोडंसं बघतो, एखादा गोल झाला की बाहेर पळतो, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. गोल झाले ते सगळे दुसऱ्याच बाजूला.

त्याला रडू फुटलं. मोठ्या माणसानं चारचौघांत रडू नये हे त्याला कळत होतं, पण आवरत नव्हतं. शेजारी शेंगा विकणारा फेरीवाला टोपली घेऊन उभा होता. त्याला या म्हाताऱ्याची दया आली.

"कायकू रोते बाबा?" तो म्हणाला. "मैं दस साल से देखरा. ये चिकलठानेवाले आज तक एक बार बी जीते नै."

मल्हारीचं रडं एकदम थांबलं. हा माणूस खोटं बोलतोय, एवढंच त्याला सुचलं. हात उगारावा असंही वाटलं. तेवढ्यात सामना संपल्याची लांब शिट्टी झाली.

पोरं घरी जायला निघाली नाहीत. पुंजाराम पुढं आणि बाकीचे मागं, असे पाय ओढत ती सरळ मागच्या भिंतीकडं आली. मल्हारी झाडाआड आणखी आक्रसला. दहा हातांवर ती थांबली. बन्सीच्या हनुवटीवर चिखल वाळला होता आणि तो मनगटानं डोळे पुसत होता. यंदा नको, आज आवाजच निघायचा नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"वरडायचं," पुंजाराम म्हणाला. "मामा पल्याड कवाचा हुबा आसंल. त्यो तीन दिवस उपाशी ऱ्हातो."

अकराही जणांनी भिंतीकडं तोंड केलं. छात्या भरून घेतल्या आणि सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकली, "जिंकलो, मामाऽ!"

भिंतीपलीकडं कुणीच नव्हतं. आठ आरोळ्या, आठ वर्षांचे लाडू आणि पुंजारामचं ते रडणं, सगळं एकदम मल्हारीच्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं.

मग तो उठला आणि पळत सुटला. म्हातारा पळतोय म्हणून लोक हसले. फाटकातून बाहेर पडून, भिंत धरून, दोनदा ठेचकाळत त्यानं आपली रोजची जागा गाठली. काखेतलं पागोटं कसंबसं डोक्यावर चढवलं, तोंड पुसलं आणि गाठोड्याची गाठ सोडली.

पोरं वळसा घालून आली तेव्हा त्याची छाती अजून धपापत होती. त्यानं एकेकाच्या हातावर लाडू ठेवला. पुंजारामच्या हातावर दोन ठेवले.

"कितीनं जिंकलो रं, पुंजा?" त्यानं दरवर्षीसारखंच विचारलं.