सातव्या गाण्यातला गळा

सहा गाणी संपली तरी दादा हूं की चूं करेना. स्टुडिओतल्या फाटक्या सोफ्यावर हाताची घडी घालून, डोळे मिटून बसला होता. धाकटा भाऊ नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. गाण्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. ड्रम त्यानेच वाजवले होते, त्यात आता काय ऐकायचं? त्याला दादाचा एक शब्द ऐकायचा होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मास्तर होता. हा बँडचा नवा गायक. दिवसा शाळेत गणित शिकवायचा आणि इतकं हळू बोलायचा की मागच्या बाकावरची मुलं खुशाल झोपायची. माइक हातात आला की मात्र हाच माणूस असा गुरगुरायचा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. आज बिचारा नखं खात बसला होता.

त्याच्याआधी अकरा वर्षं दादाच गायचा. हेवी मेटल म्हणजे गळ्याची हमाली. दादाने ती हौसेने केली आणि शेवटी गळा बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोला, पण ओरडू नका. दादा म्हणाला, डॉक्टरला काय कळतंय! दोन महिन्यांत उभा राहतो बघा. नवा अल्बम तेव्हा अर्धा झाला होता. दोघे गिटारवाले गप्प बसले आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची पाळी धाकट्यावर आली. त्याने ती बांधली कशी, तर फोनवर मेसेज पाठवून. ‘दादा, तू आता थांब. आम्ही दुसरा बघतो.’ समोर जाऊन सांगायची छाती झाली नाही.

तेव्हापासून वर्षभर दोघं एकाच घरात राहत होते आणि आईमार्फत बोलत होते.

“आई, त्याला सांग, गीझर बंद कर म्हणावं.”

“आई, त्याला सांग, केलाय.”

“मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का रे तुमचं?” आई वैतागायची.

आज तिनेच दादाला दटावून स्टुडिओत धाडलं होतं. तो आला हेच नवल. एरवी रेकॉर्डिंग झालं की तो ऐकायला थांबायचाच नाही, सरळ बाहेर निघून जायचा. स्वतःचं गाणं त्याने अकरा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. “एकदा गायलं की ते उष्टं,” म्हणायचा. “स्वतःचं उष्टं कोण चाटतं?”

सातवं गाणं सुरू झालं. हे दादानेच बांधलेलं. दादाने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. गाणं संपायच्या आतच त्याने हात वर केला. रेकॉर्डिस्टने तोंडात बिस्किट धरूनच बटण दाबलं.

“आधीची सहा छान झालीत,” दादा म्हणाला. आता त्याचा आवाज घोगरा आणि बारीक झाला होता. “मास्तर, ती तुझी आहेत. माझ्यासारखी नाहीत, तुझी आहेत. पण हे काय करून ठेवलंस? माझी नक्कल? आणि तीही धड नाही! वर जाताना गळा आवळतोय बघ. श्वास पुरत नाहीये आणि हा आपला रेटतोय. असल्याचा गळा सहा महिनेही टिकायचा नाही. त्याच्या भल्यासाठी सांगतो, माइक काढून घ्या आणि हाताला धरून घरी पाठवा.”

“अहो पण दादा, मी तर...” मास्तरने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं.

रेकॉर्डिस्ट पडद्याकडे बघत होता. त्याचं बिस्किट चहात पडलं. पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या, एक उजळ, एक विझलेली. बाकीच्यांना वाजवताना अंदाज यावा म्हणून गायक आधी एक कच्चा आवाज भरून ठेवतो. पक्का आवाज भरला की कच्चा बंद करायचा, ही ह्या धंद्यातली पहिली इयत्ता. ह्या पठ्ठ्याने पक्का बंद केला होता. चालू होता तो कच्चा, ऑपरेशनच्या महिनाभर आधी भरलेला.

धाकट्याने पडदा पाहिला आणि वळून मास्तरकडे बघितलं.

मास्तर भला माणूस. “चुकलंच माझं,” तो घाईघाईने म्हणाला. “उद्या पुन्हा गातो.”

झाकली मूठ तशीच ठेवता आली असती. कुणी काही बोललं नसतं. पण मागच्या वेळी धाकट्याने मेसेज पाठवला होता आणि ती लाज वर्षभर त्याला खात होती. तो उठला आणि सोफ्यावर दादाच्या शेजारी जाऊन बसला.

“दादा, हा मास्तर नाही. हा तू आहेस.”

दादा रेकॉर्डिस्टकडे वळला. म्हणाला, “पुन्हा लाव.”

ह्या वेळी त्याने पूर्ण गाणं ऐकलं, डोळे उघडे ठेवून. आवाज वर चढला तेव्हा त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला. गाणं संपलं. त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि एकाएकी असा हसत सुटला की ठसकाच लागला. मास्तर पाणी घेऊन धावला. धाकट्याला हसू आवरेना आणि रडूही. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता.

“गाढवा,” दादा त्याला म्हणाला. आई मध्ये नव्हती. “मेसेज कसले पाठवतोस? तेव्हाच हे ऐकवायचं होतंस. ह्याला तर मीसुद्धा घरी पाठवला असता.”