मागचं मडकं

इस्तारी ढिवर कावडीच्या दोन मडक्यांत माशांची पिल्लं भरून नदीवरून गावच्या तळ्यात सोडायला नेई. वाटेत मडक्यातलं पाणी तळहातानं थापटत राहावं लागे, नाहीतर दाटीत पिल्लं गुदमरत. पुढच्या मडक्याला त्याचा हात पोचे. मागचं मडकं बायकोचं, गोकुळाचं. ती मागून चालत थापटायची, म्हणून त्यात चार वाट्या पिल्लं मावत. एकट्या माणसानं मागं एकच वाटी घ्यावी.

गोकुळा माघात वारली. तरी आज सवयीनं त्याच्या हातून मागं चार वाट्या पडल्या, आणि हे ध्यानात आलं तेव्हा अर्धी वाट सरली होती.

मागून थप थप आवाज येत होता.

त्यानं कावड उतरवली. मागच्या मडक्यातलं पाणी हलत होतं, पिल्लं जिवंत होती.

"दमली असशीन गोकुळे," तो हळूच म्हणाला. "बस जराशी."

आवाज थांबला. थोड्या वेळानं पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

"अजून थोडंसं," तो गयावया करत म्हणाला. आवाज पुन्हा सुरू झाला, पण संथ.

तळ्यात पिल्लं सोडताच सगळं शांत झालं. ती शांतता त्याला सोसेना. तो तसाच नदीवर परतला.

"मागं येवढी दाटी काऊन करून राह्यला?" पिल्लं विकणाऱ्या शालिकरामनं विचारलं. "एकटाच हायेस ना?"

"नाई भाऊ," म्हणत इस्तारीनं मागचं मडकं काठोकाठ भरलं.

या खेपेला थापटणं भराभर येत होतं, आणि त्यासोबत मागून धाप लागल्याचा आवाजही.

इस्तारी मुद्दाम लांबच्या वाटेला वळला.