सुरूच्या बनात दोघं

"एकट्या बाईमाणसाला आम्ही तंबू देत नाही, काकू," फोनवर कॅम्पवाला सर्जेराव म्हणाला. "कमीत कमी दोघं लागतात. नियमच आहे तसा."

मंदाकिनीबाई जयपूरच्या सोडाला भागातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभ्या होत्या. खाली दोन ई-रिक्षावाले एका प्रवाशावरून हमरीतुमरीवर आले होते. दापोलीकडच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकाडांवर वाढलेलं ते सुरूचं बन त्यांनी फक्त नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. बँकेच्या बदलीनं जयपूरला आलेले यजमान इथली वाळू बघून नाक मुरडायचे. 'वाळू आमच्याकडची! डोक्यावर सावली, समोर समुद्र. रिटायर झालो की तुला नेतो.' नेणं राहून गेलं, आणि तीन वर्षांपूर्वी ते स्वतःच गेले.

"तिथे करण्यासारखं काय काय आहे?" बाईंनी उगाच वेळ काढला.

सर्जेराव खुलला. सायकली आहेत, झाडांना बांधलेले झोपाळे आहेत, पहाटे पक्षी दाखवायला माणूस येतो, संध्याकाळी बनातून चालत थेट पाण्यापर्यंत जायचं. "पण एकट्यानं मजा नाही हो. आणा की कोणालातरी सोबत."

कोणाला आणणार? मुलगा कॅनडात, आणि शेजारणींना समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. बाईंना खोटं जमत नसे, बोलल्या की कान लाल व्हायचे. पण फोनवर कान कोण बघतंय?

"आणते," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं येतो. मी आणि मिस्टर."

"मग असं सांगा ना आधी! नाव काय त्यांचं?"

इथे गाडी अडली. सगळ्या संसारात बाईंनी हे नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. कुणी ऐकेल की काय म्हणून त्यांनी मागे वळून घरात पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं.

"नंदकिशोर," त्या म्हणाल्या.

"वय?"

"त्रेसष्ट."

"आणि तुमचं?"

"चौसष्ट."

सर्जेराव लिहिता लिहिता थांबला. "काकू, तुम्ही मोठ्या?"

"नव्हते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "यंदा झाले."