सरकार कशाला पाहिजे

पांढुर्ण्याचे सुरेश सर कपाळाला पट्टी बांधूनच कॉलेजात आले. राज्यशास्त्राचा तास होता, विषय होता सरकारची गरज.

"माणूस मुळातच भांडखोर हाय, पोट्टेहो!" सरांनी टेबलावर हात आपटला. "डोक्यावर सरकार नसतं, तर आपण आजही नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांले गोटे मारत बसलो असतो!"

वर्गात सगळ्यांचे डोळे त्या पट्टीवर.

शेवटी नदीपलीकडच्या सावरगावची वैशाली उठली. "सर, काल आपल्या दोन गावांच्या गोटमारीच्या जत्रेत माह्या बाबाचा गोटा तुम्हालेच लागला म्हणे. मंग काल सरकार काय करून राहिलं होतं?"

सरांनी हळूच पट्टी चाचपली.



"त्यानंच तं सुट्टी देली होती वं… गोटे माराले!"