चढता काटा

"नागसेन, हा सेन्सर बी खराबच निघाला," गाडी स्टँडवर लावता लावताच रामलिंगनं सांगून टाकलं.

मुखेडच्या बसस्टँडमागं नागसेनचं गॅरेज. काटा खोटं दाखवतो, एवढ्याच तक्रारीवर मागच्याच आठवड्यात त्यानं या मोटरसायकलच्या टाकीतला, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा सेन्सर काढून नवाकोरा बसवला होता. आणि गडी पुन्हा दारात हजर.

"काय करून राहिला काटा?"

"चढून राहिला."

नागसेननं हातातला पाना खाली ठेवला. "अडकलेला काटा बघितला, थरथरणारा बघितला. चढणारा न्हाई बघितला बा."

"रात्री लाल रेघंवर सोडतो, सकाळी बघतो तर अर्ध्यावर. एकदा न्हाई, चारदा झालं. डोकंच चालंना माझं."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. रामलिंगला कुठलं हसू यायला! बायकोला, पुनमला, नववा लागला होता. गावाला एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर आली. कळा सुरू झाल्या की हीच गाडी आणि हाच रस्ता. आणि पंधरा दिवसांमागं याच गाडीनं भर रस्त्यात मान टाकली होती. तपासणीहून परत येताना, पुनम मागं बसलेली. काटा लाल रेघेवर होता, पण चालंल की म्हणून यानंच दामटली. बिचारी पोट धरून दोन किलोमीटर चिखलातून चालली. त्या दिवसापासून रामलिंगचा सगळा जीव त्या काट्यात, आणि काटा हा असा येड्यावाणी करायला लागलेला.

नागसेननं चावी फिरवली. काटा अर्ध्यावर. मीटर लावून एकेक तार तपासली, जोड उपटून बघितला, पुन्हा लावला. तारांमध्ये काही खोट नव्हती. मग त्यानं नळी काढली आणि टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत उतरवायला घेतलं. एक भरली, दोन भरल्या, तीन भरल्या. चौथी निम्मी झाली तेव्हा कुठं धार थांबली.

रामलिंग बाटल्यांकडं बघतच राहिला. "एवढं कसं? रविवारी टाकलं, त्यावर मुखेडला तीन खेपा झाल्या, नायगावला जाऊन आलो. टाकी कोरडी ठाक पाहिजे."

"गाडी हवेवर चालून राहिली जणू!" म्हणत नागसेननं सेन्सर बाहेर काढला. त्याचा तरंगता बोंडा बोटानं वर उचलला, काटा चढला. खाली सोडला, काटा उतरला. पुन्हा वर, पुन्हा खाली. "गुणाचं लेकरू हाय हे. पेट्रोल होतं म्हणून दाखवलं त्यानं."

"पण मी टाकलंच न्हाई!"

"मग काय मी टाकलं?"

रामलिंग तिथल्याच एका जुन्या टायरवर बसला. पेट्रोल चोरीला जातं, हे सगळ्या दुनियेला ठाऊक. पण चोर रात्री येतो आणि पेट्रोल ठेवून जातो, हे कुठं ऐकलंय का? भुताटकीसुद्धा मनात येऊन गेली त्याच्या. लाज वाटली, पण आली खरी.

नागसेननं एक बाटली उजेडात धरली. पेट्रोल हिरवट दिसत होतं. थेंबभर बोटांवर घेऊन त्यानं चोळलं, हुंगलं, आणि गाडीचा प्लग खोलला. काळाकुट्ट, ओला.

"धूर मारती का गाडी?"

"मारती. पावसाळी हवेनं असंल म्हणलं."

"हवेनं न्हाई. ऑइल मिसळलंय ह्यात. फवारणीच्या पंपात घालतात ना, तसलं पेट्रोल हाय हे. तुझ्याकडं हाय का पंप?"

"न्हाई. वाटणीत अण्णाला गेला," रामलिंग म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

अण्णा म्हणजे थोरला भाऊ, शिवमूर्ती. सव्वा वर्षामागं बांधावरून दोघांची जुंपली आणि बोलणं तुटलं. घरात मधोमध भिंत उभी राहिली, अंगण तेवढं एकच राहिलं. गाडी त्याच अंगणात उभी असायची, टाकीच्या झाकणाचं कुलूप दोन वर्षांपासून मोडलेलं. अण्णाकडं ना गाडी, ना त्याला गाडीतलं काही कळत. त्याच्या लेखी पेट्रोल म्हणजे पंपाच्या कॅनमधलं. गाडीला बिनऑइलचं लागतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

गाडी बंद पडली त्या दिवशी अण्णा रस्त्याकडेच्या सोयाबीनमध्ये फवारत होता. त्यानं बघितलं, पुनमचं चालणं बघितलं, आणि एक शब्द बोलला नाही. त्या रात्री रामलिंगनं त्याला मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या घातल्या होत्या. आता त्याला भडभडून आलं, रागही आला, आणि राग नेमका कुणाचा येतोय ते काही केल्या कळेना.

"ऐक भाऊ," नागसेन म्हणाला, "हे असंच चाललं तर प्लग दगा देणार. ऐन वेळी गाडी उठायची न्हाई. कुलपाचं झाकण बसवून देतो, दहा मिनिटांचं काम हाय."

अंधारात कॅन घेऊन आलेला अण्णा, आणि त्याच्या हाताला लागलेलं कुलूप, रामलिंगच्या डोळ्यांपुढं आलं.

"झाकण नको," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल काढला.

सव्वा वर्षात न लावलेला नंबर. तिकडून उचलला गेला. फवारणीच्या पंपाची फटफट ऐकू आली.

"अण्णा," रामलिंग कसाबसा म्हणाला, "गाडीत ऑइलचं नको घालू. प्लग जातो."

फटफट बंद झाली.

"दिवस भरलेत तिचे," अण्णा म्हणाला. "मग कुठलं घालू, सांग की."