सोनकीवरच्या अळ्या

हिल्माने अळी चिमटीत धरली, डब्यातल्या साबणाच्या पाण्यात टाकली आणि पुढच्या फुलाकडे वळली. पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतलेला माणूस चार पावलांवर उभा होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, नोटीस मिळाली ना तुम्हाला?"

"मिळाली. सकाळी चूल तिच्यावरच पेटवली."

माणसाचं नाव ड्वेन. काउंटीचा तण-निरीक्षक. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीशी हुज्जत घालायची त्याला हौस नव्हती, पण शेजारच्या लॉयडने लेखी तक्रार केली होती. वसंतात लॉयडच्या दोन गायी रॅगवर्ट नावाचं विषारी तण खाऊन मेल्या. यकृत सडून, हाल हाल होऊन. आणि इथे हिल्माच्या ओढ्याकाठी पिवळ्या फुलांचा हा एवढा ताटवा! लॉयडही आला होता. कुंपणाला टेकून तो सगळं बघत होता.

हिल्माचं म्हणणं एकच. हे रॅगवर्ट नव्हे. रॅगवर्ट समुद्रापलीकडून आलेलं तण. ही इथली सोनकी, आपण कुणी या डोंगरात यायच्या आधीपासूनची. खोऱ्यातली बाकी सगळी सोनकी केव्हाच संपली होती. हा शेवटचा ताटवा, आणि फवारा पडला की तोही जाणार. दोन्हींची फुलं पिवळी, हे तिला मान्य होतं. पण पिवळं दिसलं की मारायचं असेल तर शाळेची बसही फवारून काढा, असं तिने नोटीस घेऊन आलेल्या पोरीला तोंडावर सांगितलं होतं.

ड्वेनकडे मात्र पुरावा होता. पुरावा म्हणजे तिच्या डब्यातल्या अळ्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. रॅगवर्ट खाऊन संपवावं म्हणून फार पूर्वी सरकारनेच ही अळी परदेशातून आणली. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्यांचं गणित सोपं झालं: पट्टेवाली अळी जिथे, रॅगवर्ट तिथे. पानं तपासत बसतो कोण?

"ही अळी दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, बाई."

हिल्मा उठली. गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ती ऐकली नाही. एक पान तोडून तिने ड्वेनच्या नाकासमोर धरलं.

"बघ. त्रिकोणी आहे. कडेला करवतीचे दात आहेत, पण पान अखंड आहे. रॅगवर्टच्या पानाच्या चिंध्या झालेल्या असतात. चोळून बघ, घाण येते का. तण ओळखायचा पगार घेतोस, आणि पान बघायला कंबर वाकत नाही?"

ड्वेनने पान चोळलं, हुंगलं. घाण येत नव्हती. तो खजील झाला. लॉयडकडे बघून त्याने खांदे उडवले आणि नळी खाली केली.

पण लॉयड काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो सांगू लागला, की गेले तीन आठवडे रोज सकाळी धारा काढताना तो हिल्माला इथे बघतोय. ऊन असो, पाऊस असो, ही बया गुडघ्यांवर. एक एक अळी वेचून काढते. निरीक्षक यायच्या आत पुरावा साफ करायचा, दुसरं काय? त्याच्या गायी फुकट मेल्या होत्या काय? त्याचा आवाज चढला. गायींवर त्याचा जीव होता.

"काकू, चोराच्या मनात चांदणं. झाड साधं आहे, तर अळ्या लपवता कशाला?"

हिल्माने मान खाली घालून डब्यात पाहिलं. ड्वेनने लॉयडकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नळी पुन्हा उचलली. तशी ती ताटव्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, डबा पोटाशी धरून. तिचा चेहरा लाल झाला होता. राग होता त्यात, आणि लाजही होती.

"तू रांगत होतास तेव्हा माझ्या सात गायी मेल्या," ती लॉयडला म्हणाली. "रॅगवर्टनेच. तेव्हा सरकार या अळ्या फुकट वाटत होतं. लोक एखादं खोकं नेत, मी ट्रक भरून आणला. सगळ्या खोऱ्यात सोडत फिरले. रॅगवर्ट बरंचसं आटलं, पण यांची भूक आटली नाही. मग या सोनकीवर चढल्या. एकेक ओढा खाऊन टाकला यांनी."

मग ती ड्वेनकडे वळली. "फवारायचं तर आधी मला फवार. लपवत नाहीये मी. सोडल्या मी, तर वेचायच्या दुसऱ्या कुणी?"