काकवीचा डबा

कॅनबेरात घरामागे माणशी गांजाची दोनच झाडं लावता येतात, म्हणून माझा नवरा नेव्हिल ती लेकरांसारखी जपतो. फुलं धरली की मुळांशी काकवीचं पाणी ओतायचं, म्हणजे धूर गोड होतो, असा त्याचा हेका. यंदा त्याची कंबर धरली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. एप्रिलात नव्या पिकाची पहिली विडी पेटली. शेजारचा मर्व्ह डोळे मिटून म्हणाला, “काय गोडी आहे लेका!” “काकवी रे!” नेव्हिल फुशारला. “मुळाशी जीव ओतावा लागतो.” मी आल्याचा केक पुढे ठेवला. नेव्हिलने एक घास घेऊन बशी कुत्र्यापुढे सरकवली. “चाळीस वर्षं झाली, हिच्या हाताला गोडी म्हणून नाही.” मी काकवीचा रिकामा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. “झाडांना नुसतं नळाचं पाणी घातलं,” मी म्हणाले. “काकवी तुझा कुत्रा चाटतोय.”